कोयनेचा भ्रंश दिसत का नाही

कोयना नदी महाबळेश्वराहून निघते आणि साठ-पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ दक्षिणेला येते. हेळवाकपाशी मात्र ती काटकोनात वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमाकडे पूर्वेला जाते. नकाशा उघडल्यावर नजर या वळणावरच थांबते. इतकी सरळ नदी आणि इतकं अचानक वळण पाहून वाटतं की इथं खाली काहीतरी मोडलेलं असणार, म्हणजे भ्रंश असणार. खडक तुटून त्याच्या दोन बाजू जिथं सरकतात ती जागा म्हणजे भ्रंश. तसं वाटणं चुकीचं नाही, पण तो पुरावा नव्हे. नदी भेगेतून वाहते तशी नुसत्या सांध्यातूनही, म्हणजे बाजू न सरकलेल्या चिरेतूनही, वाहते, मऊ खडकातूनही वाहते, आणि कधी दुसऱ्या नदीनं तिचं पाणी पळवलेलंही असतं. पाटण तालुक्यात भूकंपाचा अभ्यास करायचा तर नजरेत भरणाऱ्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, हे पहिल्यांदा शिकावं लागतं. दिसतं ते बहुतेकदा भ्रंश नसतं, आणि भ्रंश असतो तो दिसत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. ६.३ रिश्टरचा तो धक्का होता. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हजारो बेघर झाली. धरणाच्या भिंतीतच बसवलेल्या यंत्रानं त्या धक्क्याची नोंद घेतली आणि भिंतीच्या वरच्या भागात, उतार जिथं बदलतो तिथं, आडव्या भेगा गेल्या. त्यानंतर आजवर या टापूत ५ रिश्टरहून मोठे २० पेक्षा जास्त धक्के झाले, ४ च्या पुढचे दोनशेच्या आसपास, आणि त्याहून लहान हजारो. हे सगळं साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात घडतं. कोयनेच्या धरणापासून दक्षिणेला सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याच्या वारणा धरणापर्यंत तो पसरलेला आहे. साठ वर्षं एकाच छोट्या टापूत जमीन हलते आहे, आणि तरी तिथल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, उभं राहून ‘ही बघा भ्रंशाची रेघ’ असं बोट दाखवता येत नाही. ते का, हेच इथं सांगायचं आहे, कारण या भागात काम करण्याची सगळी पद्धत त्या ‘का’ मधूनच ठरते.

पहिलं कारण खडकाचं. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक आणि जवळपास आडवे. कोयनेचा मुख्य भ्रंश उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जातो आणि त्यावरची हालचाल उभी नसून आडवी आहे. भ्रंशाच्या एका बाजूला उभं राहून पलीकडे पाहिलं तर पलीकडची बाजू डावीकडे सरकते. भाकरींची चवड मधोमध उभी चिरली आणि एक अर्धी बाजू चिरेच्या दिशेनं बोटभर पुढे सारली, तर कापावर काय दिसेल? प्रत्येक भाकरी समोरच्या भाकरीच्या पातळीतच राहील. कोयनेत तसंच आहे. थर आडवे आणि सरकणंही आडवं, त्यामुळे कड्यावर थरांची पायरी तुटलेली दिसत नाही. किल्लारीत १९९३ साली उलट झालं होतं. तिथं एक बाजू दुसरीवर चढली, शेतातली जमीन उचलली गेली आणि तुटक का होईना, पण डोळ्यांना दिसणारी रेघ उमटली. दोन्ही भूकंप ६ च्या वरचे, दोन्ही दख्खनच्या काळ्या खडकाच्या प्रदेशातले, पण खूण सोडण्याची तऱ्हा वेगळी.

म्हणून इथं आडव्या थरांत पुरावा शोधण्यात वेळ घालवू नये. उभ्या गोष्टी शोधाव्यात. थरांना छेदून वर आलेली लाव्हाची भिंत, म्हणजे डाइक, भ्रंशानं कापली असेल तर तिचे दोन तुकडे एकमेकांसमोर येत नाहीत. डोंगराची धार, ओढ्याचा काठ, जुना शेतबांध, ताल, पाटाची कड या सगळ्या रेघा भ्रंशाला आडव्या जात असतील तर त्यांवर आडवं सरकणं मोजता येतं. मात्र एका ओढ्याचं वळण मोजून थांबू नये. शेजारचे पाच-सहा ओढे एकाच रेषेवर, एकाच बाजूला वळतात का हे पाहायचं. दोन डावीकडे आणि तीन उजवीकडे वळत असतील तर तिथं ओढ्यांनी आपापल्या सोयीनं वाट काढली आहे, भ्रंशाचा संबंध नाही.

दुसरं कारण उपग्रहाचं आहे, आणि ते जास्त विलक्षण आहे.

रडार उपग्रह एकाच जागेवरून ठरावीक दिवसांनी जातो, जमिनीवर लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींची स्थिती नोंदवतो. दोन फेऱ्यांमधल्या लहरींची वजाबाकी केली की जमीन उपग्रहाच्या जवळ आली की दूर गेली ते कळतं. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटिमीटरची आहे. लहर जाते आणि येते, त्यामुळे चित्रातला रंगांचा एक पूर्ण पट्टा म्हणजे २.८ सेंटिमीटर हालचाल. हा डेटा फुकट मिळतो, तो चालवायची स्नॅप, जीएमटीसार यांसारखी साधनंही फुकट आहेत. साधा चांगला संगणक असलेल्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही हे काम करता येतं आणि त्यानं ते करावं असं मनापासून वाटतं. पण काय मोजलं जातं ते आधी समजून घेतलं पाहिजे. उपग्रह फक्त आपल्या नजरेच्या रेषेतली हालचाल पाहतो. ती रेषा उभ्यापासून साधारण ३९ अंश कललेली असते. जमीन १० सेंटिमीटर वर उचलली तर त्याला जवळपास ८ दिसतात. पूर्व-पश्चिम १० सरकली तर सुमारे ६. उत्तर-दक्षिण १० सरकली तर मात्र जेमतेम १, कारण उपग्रह स्वतःच जवळजवळ उत्तर-दक्षिण उडतो आणि बाजूला पाहतो.

आता कोयनेचा भ्रंश यात बसवून पाहा. त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे दहा-पंधरा अंश. उतरत्या फेरीत, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना, सेंटिनेल आपल्या अक्षांशावर जवळपास याच रेषेत उडतो. म्हणजे भ्रंश आणि उपग्रहाची वाट समांतर. भ्रंशालगतची हालचाल त्याच्या नजरेला काटकोनात येते आणि चित्रात तिची किंमत शून्याजवळ राहते. चढत्या फेरीत परिस्थिती थोडी बरी, तिथं १० सेंटिमीटरमधले साधारण अडीच सेंटिमीटर दिसतात. जगात कितीतरी भ्रंश रडारसमोर उघडे पडले. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपापासून ती परंपरा सुरू झाली. आपला भ्रंश मात्र नेमका उपग्रहाच्या आंधळ्या बाजूला आहे. त्यात अडचण अशी की कोकणाकडे तोंड केलेला सह्याद्रीचा कडा चढत्या फेरीत नीट येत नाही. तेव्हा उपग्रह पश्चिमेला असतो, कडा त्याच्याकडे तोंड करून उभा असतो, आणि कड्याचा माथा पायथ्यावर दुमडून येतो. उतरत्या फेरीत कडा तुलनेनं चांगला दिसतो, पण त्या फेरीला भ्रंशाची हालचाल दिसत नाही.

मग रडार सोडून द्यायचं का? नाही. आकडा मनात ठेवून वापरायचं. ४ रिश्टरचा धक्का पाच किलोमीटर खोल झाला तर वरची जमीन एक मिलिमीटरही हलत नाही. ५ चा असेल तर ढोबळ हिशेबानं सेंटिमीटरभर, आणि त्यातलं चढत्या फेरीला दिसणार अडीच मिलिमीटर. तेवढं तर हवेतल्या बाष्पात बुडून जातं. तेव्हा ४ च्या धक्क्यानंतर इंटरफेरोग्राममध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांच्या वजाबाकीच्या चित्रात, सुंदर रंगीत वर्तुळ दिसलं, तर आनंद करण्याआधी ते हवा आहे असं धरून चालावं. ६ च्या पुढचा उथळ धक्का असेल तर मात्र रडार नक्की बोलेल, आणि तेव्हा चढत्या फेरीची जोडी हातात तयार असली पाहिजे.

हवेचा प्रश्न सह्याद्रीत फार मोठा आहे. पायथ्याला कोकण शे-दोनशे मीटरवर आणि वर सडा हजार मीटरवर, म्हणजे मधल्या आठ-नऊशे मीटर जाडीच्या दमट हवेतून एका जागेची लहर जाते, दुसऱ्या जागेची जात नाही. दोन तारखांना दमटपणा वेगळा असला की रंगांचे पट्टे घाटाच्या कड्याला समांतर उमटतात, आणि योगायोगानं भ्रंशही त्याच अंगानं जातो. हा फसवा योगायोग ओळखायची एक सोपी चाचणी आहे. प्रत्येक ठिकाणची उंची आडव्या अक्षावर आणि लहरीतला फरक उभ्या अक्षावर मांडायचा. ठिपके एका तिरक्या रेषेत बसले तर ती हवा, ती वजा करून टाकायची. वजा केल्यावर जे उरेल त्याकडे पाहायचं. शिवाय एकाच जोडीवर कधी विसंबू नये. भूकंपाची तारीख मध्ये असलेल्या पाच-सहा वेगवेगळ्या जोड्या कराव्यात. जमिनीची हालचाल सगळ्यांत सारखी येते, हवा प्रत्येकीत बदलते.

जोड्या निवडताना पाऊस टाळायचा. कोयनेच्या खोऱ्यात, नवजासारख्या ठिकाणी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनमध्ये उघडा असलेला सडा सप्टेंबरात कमरेइतक्या गवतात असतो आणि त्या दोन तारखांमध्ये रडारला ओळखीचं काही उरत नाही. फेब्रुवारीची प्रतिमा फेब्रुवारीशी, नाहीतर जानेवारीची एप्रिलशी जोडावी. कृष्णाकाठी वेगळी अडचण आहे, तिथं ऊस. दोन आठवड्यांत वाढणारा, मग तोडला जाणारा, परत लावला जाणारा ऊस लहरींची संगती, म्हणजे दोन फेऱ्यांतल्या लहरींची जुळणी, टिकू देत नाही. कराड शहराची वस्ती चांगली चमकते आणि भोवतालचं शेत नुसता गोंगाट. अशा वेळी शहरातल्या ठिपक्यांवरून शेताच्या पलीकडच्या ठिपक्यांपर्यंत हालचाल मोजत जाताना एक पूर्ण पट्टा चुकू शकतो. म्हणजे २.८ सेंटिमीटरची चूक, आणि ती चित्रात अगदी भ्रंशासारखी सरळ कडेनं दिसते. संगतीची किंमत ०.३ च्या खाली असलेला भाग झाकून टाकावा. चित्र भोकाभोकांचं झालं तरी चालेल.

जंगलासाठी लांब लहर लागते. इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, ती पानांतून खाली उतरते आणि जमिनीवरून परत येते. चांदोली आणि कोयनेच्या रानासाठी हे फार मोलाचं आहे. उत्तर-दक्षिण हालचालीचा आंधळेपणा त्यानं जात नाही, पण दक्षिणेला वारणेच्या बाजूला त्याचा खरा उपयोग होईल. तिथले भूकंप बहुतांशी वेगळ्या जातीचे आहेत. भ्रंश वायव्य-आग्नेय दिशेचे आणि हालचाल खाली खचण्याची. उभी हालचाल रडारला सर्वांत चांगली दिसते, अडसर फक्त झाडांचा होता. कोयनेला उपग्रहाची दिशा आडवी येते आणि वारणेला रान आडवं येतं, म्हणून एकाच पट्ट्यातल्या दोन टोकांना वेगवेगळी हत्यारं लागतात.

उत्तर-दक्षिण हालचाल मोजायला जमिनीवरचं जीएनएसएस, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून नेमकी जागा मोजणारं, केंद्रच हवं. खडकात पोलादी खुंटी ठोकून, त्यावर दर वेळी त्याच उंचीवर अँटेना बसवून, सलग दोन-तीन दिवस नोंद घ्यायची. सगळी भारतीय भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला चालली आहे. ती दोन्ही काठांना सारखीच, ती वजा केल्यावर भ्रंशाच्या दोन बाजूंमधला फरक उरतो, आणि तो मिलिमीटरच्या घरातला असतो. इथं घात करते ती अँटेनाची उंची. फीत तिरकी धरली, की आधाराची उंची वहीत लिहायची राहिली, की वर्षभराची हालचाल त्या चुकीत गडप होते. उंची सुरुवातीला आणि शेवटी, तीन बाजूंनी मोजावी आणि फोटो काढून ठेवावा. खुंटी मुरुमात ठोकू नये. मुरूम पावसात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. खाली टणक काळा खडक लागेपर्यंत जायचं.

लायडारचं काम वेगळ्या प्रकारचं. विमानातून लेसर सोडून झाडांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचलेले किरण वेगळे काढायचे आणि रान काढून टाकलेल्या जमिनीचं चित्र तयार करायचं. कोयना-वारणा टापूत विमानातून असं सर्वेक्षण झालेलं आहे. चित्र समोर आलं की आडव्या थरांच्या पायऱ्या, दरडींच्या जखमा, घळी सगळं उघडं दिसतं. पण पाहणाऱ्याची पहिली चूक प्रकाशाची असते. बहुतेक सॉफ्टवेअर डोंगरछायेसाठी सूर्य वायव्येला, ३१५ अंशांवर, ठेवतात. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघांना सावली पडत नाही, म्हणजे वायव्य-आग्नेय रेघा चित्रातून पुसल्या जातात. वारणेकडे नेमक्या त्याच दिशेच्या रेघा हव्या असतात. म्हणून किमान चार दिशांनी, ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवरून, छाया करून पाहावी आणि सोबत प्रकाशाचा संबंधच नसलेलं उताराचं चित्र ठेवावं.

रेघ दिसली की तिची चौकशी सुरू होते. शेताचा बांध, गाडीवाट, विजेच्या तारांखालचा तोडलेला पट्टा, जुना पाट, वनखात्याची जाळरेषा, हे सगळं लायडारमध्ये भ्रंशासारखंच सरळ दिसतं. १:५०,००० चा भारतीय सर्वेक्षणाचा नकाशा, या भागासाठी ४७ जी मालिकेतला, शेजारी ठेवला तर यातल्या निम्म्या रेघा घरबसल्या गळतात. धबधब्यांचंही तसंच. ओढ्याच्या उताराच्या आलेखात अचानक पायरी आली की तिथं जमीन उचलली गेली असावी असं लिहायचा मोह होतो. सह्याद्रीत बहुतेक पायऱ्या टणक लाव्हाथराच्या कडा असतात. शेजारच्या सगळ्या ओढ्यांच्या पायऱ्या समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवर आल्या तर तो थर. उंची वेगवेगळी पण नकाशावर सगळ्या एका सरळ रेषेत, तर मात्र पायी जाऊन पाहिलंच पाहिजे.

जायचं कधी? डिसेंबरपासून मेपर्यंत. दिवाळीपर्यंत गवत उभं असतं, त्यात पायाखालची भेगही दिसत नाही. सर्वांत चांगली जमीन मार्च-एप्रिलमध्ये दिसते. परवानग्या आधी काढाव्या लागतात, कारण पट्ट्याचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो आणि धरणाच्या परिसरात ड्रोन सोडाच, साध्या कॅमेऱ्यालाही बंदी असते. ज्या गावात जायचं तिथल्या सरपंचांना, पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी ६७ चा धक्का अंगावर घेतलेला आहे. यंत्रं घेऊन शिवारात फिरणारी माणसं पाहून ‘आता परत होणार का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येतोच, आणि त्याला नीट, धीरानं उत्तर देणं हा कामाचाच भाग आहे.

काळ्या खडकात होकायंत्र फसवतं. हा खडक म्हणजे बसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि डोंगरमाथ्यावर जिथं वीज पडलेली असते तिथला खडक इतका चुंबकीय होतो की सुई दहा-वीस अंश फिरते. सुई बिघडलेली नाही, खडक ओढतो आहे, हे कळायला एक सवय लागते. ‘अ’ पासून ‘ब’ ची दिशा घ्यायची, मग ‘ब’ वर जाऊन ‘अ’ ची. दोन्हींत बरोबर १८० चा फरक आला नाही तर त्यांतली एक जागा खराब. होकायंत्र खडकावर टेकवून घेतलेलं माप आणि हातात छातीच्या उंचीवर धरून घेतलेलं माप ताडून पाहावं. सड्यावर भूकंपयंत्र बसवताना उत्तर ठरवायची असेल तर होकायंत्राऐवजी दोन जीएनएसएस बिंदूंची रेषा वापरावी.

खडकातला भ्रंश ओळखायचा तो भरड झालेल्या पट्ट्यावरून. नुसता सांधा असेल तर दोन्ही भिंती स्वच्छ असतात, मध्ये फार तर पांढऱ्या गारेचा पडदा. भ्रंश असेल तर मध्ये दळलेला चुरा, चिकट माती, टोकदार तुकडे, आणि भिंतीवर घासल्याच्या रेषा. त्या रेषा आडव्या आहेत की उभ्या, यावरून हालचाल ठरते. कोयनेत आडव्या सापडल्या तर चित्राशी जुळतात. उभ्या सापडल्या तर ती जागा टाकून द्यायची नाही, वेगळी नोंद करायची, कारण जुनी हालचाल आजच्यापेक्षा वेगळी असू शकते. सगळ्यांत चांगले छेद रस्त्याच्या कटाईत आणि नव्या खोदलेल्या विहिरींत मिळतात. विहीर बांधून काढायच्या आधी पाहायला मिळाली तर सोनं. विहीर खोदणाऱ्यांना खडकाची जाण असते. ‘इथं खडक कुजका लागला, पाणी एकदम आलं’ हे त्यांचं वाक्य वहीत लिहून ठेवावं.

कराड-सांगलीच्या काळ्या मातीत मात्र याच खुणा फसव्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि तिचे गड्डे एकमेकांवर घासून आतले पृष्ठ अगदी भ्रंशासारखे गुळगुळीत, रेषांचे होतात. खड्ड्यात उतरल्यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे हमखास पुरावा वाटतं. फरक असा की मातीचे पृष्ठ वाटीसारखे वळलेले, सगळ्या दिशांना कललेले असतात आणि खालच्या मुरुमापाशी संपतात. भ्रंशाचा पृष्ठ एकाच दिशेचा असतो आणि मातीतून मुरुमात, मुरुमातून खडकात जातो. म्हणून चर खणताना मातीच्या तळाशी थांबू नये, खाली टणक लागेपर्यंत जावं. चर साधारण मीटरभर रुंद, दोन-तीन मीटर खोल, भ्रंशाला काटकोनात. भिंत ताशून साफ करायची, दोऱ्यांनी मीटर-मीटरचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन कागदावर उतरवायचा. फोटो कितीही चांगला असला तरी हातानं काढलेल्या चित्राइतकं पाहणं त्यात होत नाही. कोळशाचा कण सापडला तर कार्बन-१४ नं वय काढण्यासाठी चिमट्यानं उचलायचा, हात लावायचा नाही. वाळूचं वय काढायचं असेल तर धातूची नळी भिंतीत ठोकून दोन्ही तोंडं काळ्या पिशवीनं बंद करायची, कारण उजेड लागला की वाळूतली नोंद पुसली जाते.

पाटणच्या डोंगरात हे कमी जमतं. तिथं मातीच जेमतेम हातभर, आणि तीही दर पावसाळ्यात उतारावरून सरकते. भ्रंश न दिसण्याचं तिसरं कारण हेच. खूण उमटली तरी टिकायला जागा नाही.

उतारावरच्या भेगांचा प्रश्न तर जिवाशी गाठ असलेला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. पावसात जमिनीला भेग पडली की गावात ‘भूकंपाची भेग’ अशी बातमी जाते, आणि लोक धक्क्याची वाट पाहत घरातच राहतात. प्रत्यक्षात ती दरडीची सुरुवात असू शकते, आणि तेव्हा घर सोडणं हाच उपाय असतो. ओळख अशी. दरडीची भेग उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी वळलेली, टोकं खालच्या बाजूला वळलेली असतात आणि खालची बाजू खचलेली असते. भूकंपाची भेग उताराची पर्वा करत नाही. धार ओलांडते, ओढ्यात उतरते, पलीकडच्या चढावर चालू राहते. ती अखंड नसते, तिरप्या तुकड्यातुकड्यांनी जाते. डावीकडे सरकणाऱ्या भ्रंशावर एका तुकड्याच्या टोकाशी पोचल्यावर पुढचा तुकडा उजव्या हाताला सापडतो. १९६७ मध्ये दोणीचावाडा आणि नानेलच्या बाजूला जमिनीत ज्या भेगांचा पट्टा उमटला, त्यावरूनच आज आपण दोणीचावाडा भ्रंश म्हणतो. भूकंपाच्या पट्ट्यातसुद्धा उतारावर दिसलेली प्रत्येक भेग आधी दरडीची समजावी. चूक झालीच तर ती माणसांना बाहेर काढण्याच्या बाजूनं व्हावी.

वरून दिसत नाही तेव्हा खालून ऐकावं लागतं. कोयनेचा भ्रंश आज आपल्याला जो माहीत आहे तो मुख्यतः त्याच्या लहान धक्क्यांमुळे. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुय्यम साडेतीन. दोघींच्या येण्यातल्या सेकंदांना ८ नं गुणलं की धक्क्याचं अंतर साधारण कळतं. असे चार-पाच केंद्रांवरचे आकडे जुळवले की जागा मिळते, आणि हजारो जागा एकत्र मांडल्या की भ्रंशाची भिंत जमिनीखाली उभी राहते, बहुतेक १० किलोमीटरच्या आत. खोली अचूक हवी असेल तर एक तरी केंद्र धक्क्याच्या डोक्यावर हवं. सगळी केंद्रं वीस किलोमीटर दूर असतील तर जागा बरी येते, खोली वाऱ्यावर जाते. सड्यावर पवनचक्क्या असतील तिथं यंत्र बसवू नये, पात्यांची थरथर खांबातून खडकात उतरते. धबधब्याजवळही नाही. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुकं असतं, सौर पॅनेल बॅटरी भरत नाही आणि जलाशय भरण्याच्या ऐन महत्त्वाच्या दिवसांत नोंद तुटते. दुप्पट क्षमतेची बॅटरी ठेवणं हा खर्च नाही, गरज आहे.

हे दिवस महत्त्वाचे का? शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, १९६२ पासून भरू लागला. १०५ टीएमसी म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी. वारणेचा जलाशय १९८५ पासून, ३४ टीएमसीचा. पाण्याचं वजन पडतं ते वेगळं, पण खरी करामत दाबाची आहे. दर दहा मीटर पाण्यामागे एक वातावरणाइतका दाब भेगांतल्या पाण्यावर वाढतो आणि हळूहळू खाली झिरपतो. भ्रंशाच्या दोन भिंती एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड त्यानं सैल होते. भूकंपाची ताकद पाण्याची नाही, ती खडकात आधीपासून साठलेली आहे. पाणी फक्त चाप ओढतं. म्हणून धक्क्यांची संख्या पावसाळ्यानंतर, जलाशय भरत आल्यावर, वाढते आणि पुन्हा हिवाळ्यात पाणी उतरताना. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध दशकानुदशकं तपासला, आणि धरणामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचा जगातला सर्वांत ठळक टापू म्हणून कोयनेचं नाव झालं.

त्यातूनच खोल विहिरींचं काम आलं. कराडजवळ हजारमाचीला भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची त्यासाठीची प्रयोगशाळा आहे. रासाटीच्या विहिरीत काळा खडक ९३३ मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस हा तळाचा जुना खडक लागला. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या गोठण्याच्या ३ किलोमीटर खोल विहिरीत तो १२४७ मीटरवर संपला. आकड्यांत तीनशे मीटरचा फरक दिसतो म्हणून इथं भ्रंशानं तळ खचवला असं म्हणायची घाई करू नये. रासाटी खोऱ्यात आहे, गोठणे डोंगरावर. तोंडाची उंची वजा केली तर दोन्हीकडे तळ समुद्रसपाटीच्या साधारण ३०० मीटर खाली, जवळपास सपाट येतो. उभी हालचाल नाहीच, हे इथंही दिसतं. कोणतीही खोली तोंडाची उंची न लिहिता नोंदवू नये, हे वाक्य विहिरींच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर छापावं इतकं महत्त्वाचं आहे.

पुढचा ५ च्या वरचा धक्का केव्हा होईल ते सांगता येत नाही, पण झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचं ते आत्ताच ठरवता येतं. चढत्या आणि उतरत्या फेरीच्या गेल्या कोरड्या हंगामातल्या प्रतिमा उतरवून ठेवलेल्या असाव्यात. अचूक कक्षेची फाइल यायला सुमारे वीस दिवस लागतात, तोवर तात्पुरत्या कक्षेवर पहिलं चित्र करून घ्यावं आणि नंतर पुन्हा करावं. शेतात जायची वाट मात्र पाहू नये. भेग नांगरटीत जाते, पावसात बुजते, गुरांच्या खुरांखाली तिच्या कडा ढासळतात. प्रत्येक भेगेची दिशा, रुंदी, खोली, कोणती बाजू खाली आणि कोणती बाजूला गेली हे लिहावं. फोटोत पट्टी आणि उत्तरेचा बाण हवा. शेतकऱ्याला विचारून बांध पूर्वी सरळ होता का ते लिहावं.

आणि चार खुंट्या ठोकाव्यात. भेगेच्या पूर्वेला दोन, पश्चिमेला दोन, बाजू पाच-सहा मीटर, जमीन शक्य तितकी सपाट निवडून. चार बाजू आणि दोन कर्ण अशी सहा मापं पोलादी फितीनं, फीत दर वेळी सारखी ताणून, मिलिमीटरपर्यंत घ्यायची. त्याच दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, पावसाळ्याआधी आणि नंतर. उत्तर-दक्षिण भेगेवर पूर्वेची बाजू उत्तरेला सरकत असेल तर नैर्ऋत्य-ईशान्य कर्ण वाढतो आणि आग्नेय-वायव्य कर्ण कमी होतो. हा भ्रंश. भेग ओलांडणारी सगळी मापं, दोन बाजू आणि दोन्ही कर्ण, एकत्र वाढत असतील तर भेग नुसती उघडते आहे, उतार खाली चालला आहे, आणि त्या दिवशी मापं तहसीलदार कचेरीत आधी द्यायची. सहाही मापं सारख्या प्रमाणात बदलली तर फीत बदलली किंवा ऊन लागून लांबली, सकाळी लवकर पुन्हा मोजावं.

खुंट्या गुरं उपटतात, म्हणून दीड हात खाली ठोकून वर दगडांची रास करावी आणि शेतमालकाला ती कशासाठी आहे हे सांगून ठेवावं.